पाच सर्टिफिकेटं, एक जुना लॅपटॉप आणि पहिली नोकरी

तुमचा प्रश्न मला नीट कळलाय का, ते आधी पडताळून घेतो. तुम्ही तीन वर्षं ऑफिसात कागदपत्रं आणि हिशेबाच्या नोंदी सांभाळताय, पदवी संगणकाची नाही, रोज संध्याकाळी दीड-दोन तास मिळतात आणि घरी आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. यादीत पाच सर्टिफिकेशन्स आहेत: कॉम्पटिया या संस्थेची ए प्लस (मशीन दुरुस्ती आणि सपोर्ट), नेटवर्क प्लस (नेटवर्क) आणि सिक्युरिटी प्लस (सुरक्षा), नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोची सीसीएनए आणि अमेझॉनच्या क्लाउडची एडब्ल्यूएस क्लाउड प्रॅक्टिशनर. यांचा क्रम कसा लावायचा, घरच्या सरावाच्या लॅबसाठी सेकंडहँड सर्व्हर घ्यायचा का, आणि अर्ज पाचही पदरात पडल्यावर करायचे की आधीच, हे तुम्ही विचारलंय. शिवाय शेवटी लिहिलंय, "कोणी म्हणतं सर्टिफिकेटला कुत्रं विचारत नाही, कोणी म्हणतं त्याशिवाय दारात उभं करत नाहीत."

दोघंही खरं बोलतायत, फक्त वेगवेगळ्या टप्प्यांबद्दल. तुमचा अर्ज आधी जिच्याकडे जातो ती व्यक्ती बहुतेक वेळा तांत्रिक नसते. तिच्यासमोर अर्जांचा ढीग असतो आणि जाहिरातीत लिहिलेले शब्द अर्जात सापडतात का, एवढंच तिला बघायचं असतं. तिथे सर्टिफिकेटचं नाव तुम्हाला चाळणीतून पार करतं. पुढे तुम्ही माझ्यासारख्याच्या समोर येता. मी बरीच वर्षं सिस्टीम अ‍ॅडमिन म्हणून काम केलंय आणि आता सपोर्ट टीमसाठी माणसं निवडतो. तुमचं सर्टिफिकेट मी रिझ्युमेवर वाचलेलंच असतं. मला जाणून घ्यायचं असतं की समोर काहीतरी बंद पडलंय, कारण माहीत नाही, आणि फोनवर वैतागलेला माणूस आहे, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा काय बघाल.

म्हणजे सर्टिफिकेशनच्या क्रमाआधी सोडवायचा प्रश्न वेगळा आहे. अनुभवाची एक ओळही नसताना आपली मशीन तुमच्या हाती द्यायला अनोळखी माणूस का तयार व्हावा? याचं अर्धं उत्तर एखादं सर्टिफिकेट देतं आणि उरलेलं अर्धं तुमची लॅब देते, पण ती लॅब विशिष्ट प्रकारे वापरली तरच.

आता, यातलं बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्हाला पहिली नोकरी कोणती मिळण्यासारखी आहे, हे मला इथून सांगता येणार नाही. ते तुम्हीच शोधायचं: तुम्ही जिथे काम करू शकाल तिथल्या हेल्पडेस्क, डेस्कटॉप सपोर्ट, ज्युनियर नेटवर्क किंवा एनओसीच्या (नेटवर्कवर सतत नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या) वीस-पंचवीस जाहिराती गोळा करा आणि प्रत्येकीत मागितलेली कौशल्यं एका शीटमध्ये लिहून काढा. 'असल्यास उत्तम' म्हटलेलं एका रकान्यात, 'आवश्यक' म्हटलेलं दुसऱ्या. एक संध्याकाळ जाईल, पण पाच सर्टिफिकेशन्सचा तुमचा निम्मा गोंधळ तिथेच संपेल. काही ठिकाणी ए प्लसचं नावही दिसत नाही, काही ठिकाणी दर दुसऱ्या जाहिरातीत असतं. रात्रपाळी चालेल का, फोनवर दिवसभर बोलायची तयारी आहे का, यावरही दारं उघडतात किंवा मिटतात. एनओसीत नवख्यांना घेतात त्याचं एक साधं कारण रात्रपाळी हेच आहे.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाही. तुमच्या सध्याच्या ऑफिसात आयटी विभाग आहे ना? तिथल्या माणसांशी बोललात का? बाहेरच्या शंभर अर्जांपेक्षा आतून झालेली बदली सोपी असते, कारण तुम्ही वेळेवर येता, लोकांशी नीट वागता, दिलेलं काम तडीस नेता, हे त्यांना आधीच माहीत असतं. नवख्याबद्दल जे कळायला मला सहा महिने लागतात, ते त्यांना तीन वर्षं दिसतंय. प्रिंटर लावायला, नव्या माणसाचं मशीन तयार करायला हात हवा असेल तर मी थांबतो, एवढं म्हणून बघा.

आता यादीकडे. पाचातली दोन सध्या खोडा.

सिक्युरिटी प्लस वाईट नाही, पण त्या अभ्यासक्रमाने ज्या गोष्टींचं रक्षण करायचं त्या तुम्ही अजून चालवलेल्या नाहीत. सुरक्षेच्या टीमला नेटवर्क आणि सिस्टीमवर हात बसलेला माणूस हवा असतो. याच क्षेत्रातल्या सीआयएसएसपी या वरच्या पातळीच्या सर्टिफिकेटला तर परीक्षा पास होऊनही पाच वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. थेट सुरक्षेत गेलेली माणसं मी पाहिलीयत, पण थोडी, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचा प्रोग्रामिंगचा किंवा अ‍ॅडमिनचा पाया आधीपासून होता. क्लाउड प्रॅक्टिशनर ही ६५ प्रश्नांची ओळखपरीक्षा आहे. सेवांची नावं, बिलिंगची पद्धत, जबाबदारीची विभागणी असं त्यात येतं. विक्री विभागातली माणसंही ती देतात. 'याला क्लाउडवर काम करता येतं' असा अर्थ त्यातून कोणी काढत नाही.

उरलं ए प्लस, नेटवर्क प्लस आणि सीसीएनए. इथे तुमची जाहिरातींची शीट बोलेल, पण माझा कल सांगतो. हेल्पडेस्क किंवा डेस्कटॉप सपोर्ट हे लक्ष्य असेल आणि तुम्ही आजवर मशीन उघडून रॅमही बदलली नसेल, तर ए प्लस. त्यात कोअर १ आणि कोअर २ असे दोन पेपर असतात आणि दोन्ही एकाच मालिकेतले लागतात. मार्च २०२५ मध्ये २२०-१२०१ आणि २२०-१२०२ ही नवी मालिका आली, त्यामुळे कुणाकडून जुनं साहित्य मिळालं तर आधी त्यावरचा क्रमांक बघा. नेटवर्ककडे ओढा असेल तर मी नेटवर्क प्लस गाळून थेट सीसीएनए करायला सांगेन. दोन्हींत निम्म्याहून अधिक संकल्पना त्याच आहेत, पण सीसीएनएच्या तयारीत कमांड लिहून स्विच आणि राउटर चालवावा लागतो. २०२० पासून तिची २००-३०१ ही एकच परीक्षा आहे आणि त्याआधी दुसरं काही पास असण्याची अट नाही. ती नेटवर्क प्लसपेक्षा जड आहे, हे मात्र धरून चाला. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे लहान तुकडे पाडायचा हिशेब, डोक्यात बसायलाच काही आठवडे जातात. /२६ आकाराचा तुकडा म्हटलं की ६२ वापरायचे पत्ते, हे कागद-पेन्सिल न घेता यायला हवं, आणि ते रोज दहा मिनिटं उदाहरणं सोडवूनच येतं.

तुमच्या यादीत नसलेली एक परीक्षा जाता जाता सांगतो: रेड हॅटची आरएचसीएसए. तिच्यात पर्याय निवडायचे प्रश्नच नसतात. चालू मशीन समोर देतात आणि कामं करून दाखवायची असतात, आणि तुम्ही केलेले बदल मशीन रीबूट झाल्यावरही टिकायला हवेत. लिनक्स आवडलं तर पुढे तिचा विचार करा. आत्ता नको. पण तिच्यातली रीबूटची अट आजपासून लॅबमध्ये उचला. काहीही सेट केलं की मशीन रीस्टार्ट करून ते टिकलंय का बघायचं. नवख्यांचे निम्मे 'काल तर चालत होतं' इथेच निघतात.

एक इशारा, थोडक्यात. परीक्षेतले खरे प्रश्न म्हणून विकल्या जाणाऱ्या 'डंप'च्या वाटेला जाऊ नका. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं आणि पुढच्या परीक्षांची दारंही बंद होऊ शकतात. आणि नाही पकडलं गेलं तरी माझ्यासमोर पाच मिनिटांत कळतं. ज्याला पाठ उत्तर येतं त्याला 'का' विचारलं की तो तेच उत्तर पुन्हा, थोडं मोठ्याने देतो.

आता लॅब. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लोक इथेच वेळ घालवतात आणि हाती काही लागत नाही.

सर्व्हर घेऊ नका. तो आवाज करतो, वीज खातो, खोली तापवतो, आणि तुम्ही जे शिकणार आहात त्यातलं काहीच त्याच्याशिवाय अडत नाही. तुमच्याच लॅपटॉपची रॅम आठवरून सोळा जीबी होत असेल तर करा, आणि अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका. प्रोसेसर जुना असला तरी चालतो, व्हर्च्युअल मशीन (एका संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) रडतात त्या रॅम आणि डिस्कपायी. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे का तेही बघा. कित्येक लॅपटॉपांत ते बंद असतं आणि माणसाला वाटतं आपलं मशीनच कुचकामी आहे. आठ जीबीवरच भागवायचं असेल तर लिनक्सच्या दोन हलक्या मशीन आणि सिस्कोचं पॅकेट ट्रेसर (आभासी स्विच-राउटरवर सराव करायचं साधन) आरामात चालतं. पॅकेट ट्रेसर त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीचं खातं काढलं की फुकट मिळतं आणि सीसीएनएच्या बहुतांश तयारीला पुरतं. विंडोजची लॅब मात्र आठात ओढूनताणून होते.

सपोर्टच्या नोकरीसाठी मी सांगेन ती लॅब तीन मशीनची. व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स टाका. त्यात एक विंडोज सर्व्हर, ज्याची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट १८० दिवसांसाठी देतं. एक विंडोज ११ एंटरप्राइझ, तिची चाचणी आवृत्ती ९० दिवस चालते. होम आवृत्ती घेऊ नका, ती डोमेनला (ऑफिसातल्या सगळ्या मशीन आणि खाती एका सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला) जोडताच येत नाही, आणि हे कळेपर्यंत लोकांची अख्खी सुट्टी जाते. तिसरी लिनक्सची, उबंटू किंवा अल्मालिनक्स. सर्व्हरवर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेन चालवणारी सेवा) उभी करा, चार-पाच खोटे कर्मचारी तयार करा, त्यांचे ग्रुप करा, एक शेअर केलेलं फोल्डर द्या, ग्रुप पॉलिसीने (डोमेनमधल्या सगळ्यांना एकदम लावायच्या नियमांनी) काहीतरी लादा. या सगळ्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि ते बघून हे सगळं आठवड्याभरात उभं राहतं.

मग लोक काय करतात? स्क्रीनशॉट काढतात, रिझ्युमेत 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी' लिहितात आणि पुढच्या व्हिडिओकडे वळतात. आता कुठे कामाला सुरुवात झाली असती, तिथे ते थांबतात. व्हिडिओ बघून उभारलेली लॅब म्हणजे दुसऱ्याच्या हाताने झालेलं काम. तुमचं काम ती बिघडल्यावर सुरू होतं, म्हणून ती मुद्दाम बिघडवायची.

एक बिघाड जवळून दाखवतो. विंडोज ११ च्या मशीनवर नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन डीएनएसच्या (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) जागी असलेला तुमच्या डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता काढा आणि ८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएसचा पत्ता घाला. आता ते मशीन डोमेनला जोडायला जा. डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही, असा संदेश येईल. नवखा माणूस इथे सर्व्हर रीस्टार्ट करतो, मग फायरवॉल बंद करतो, मग सगळं पुसून पुन्हा उभारतो. तुम्ही तसं करू नका. सर्व्हरला त्याच्या आयपी पत्त्याने पिंग करा, म्हणजे तो उत्तर देतो का ते बघणारा छोटा संदेश पाठवा. उत्तर येतं. म्हणजे वाट मोकळी आहे. आता एनएसलुकअप या कमांडने डोमेनचं नाव विचारा. तिला ते सापडत नाही. म्हणजे पत्त्याने रस्ता आहे, नावाने नाही. आयपीकॉन्फिग या कमांडचं पूर्ण उत्तर काढा, डीएनएस सर्व्हरची ओळ वाचा, तिथे ८.८.८.८ बसलाय. बाहेरच्या डीएनएसला तुमच्या घरातल्या डोमेनचं नाव कुठून माहीत असणार? डोमेन कंट्रोलर कुठे आहे याच्या नोंदी तुमच्याच सर्व्हरच्या डीएनएसमध्ये असतात आणि क्लायंट, म्हणजे जोडायला आलेलं मशीन, आधी त्या नोंदी शोधतो. पत्ता बदला, पुन्हा जोडा, काम झालं.

हा बिघाड मी मुद्दाम निवडला, कारण पहिल्या नोकरीत तो तुम्हाला नक्की भेटेल. कोणीतरी 'इंटरनेट फास्ट व्हावं म्हणून' डीएनएस बदललेला असतो आणि मग शेअर फोल्डर उघडत नाही म्हणून फोन करतो.

असेच आणखी बरेच आहेत. डीएचसीपी (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी) सेवा बंद करा, क्लायंटला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळेल. तो दिसला की समजायचं, पत्ता मागितला होता पण देणारा कोणी भेटला नाही. विंडोज ११ चा स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घेऊन ठेवा, दीड-दोन महिने मशीन वापरा, मग त्या जुन्या स्नॅपशॉटवर परत जा. लॉगिन करताना डोमेनशी असलेलं विश्वासाचं नातं तुटल्याचा संदेश येण्याची दाट शक्यता आहे, कारण मशीनचाही डोमेनमध्ये एक पासवर्ड असतो, तो साधारण दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो आणि तुमच्या स्नॅपशॉटकडे जुनाच आहे. ऑफिसात एखादं मशीन जुन्या बॅकअपवरून परत आणलं की अगदी हेच होतं. लिनक्सवर एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याच्या यादीत) अस्तित्वात नसलेली डिस्क लिहा आणि रीबूट करा. मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबेल आणि तुम्हाला चित्रं, माउस काही नसलेल्या काळ्या स्क्रीनवरून ते सोडवावं लागेल.

आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं साधन. ते सुरू करून रिकव्हरी कीच्या पडद्यापर्यंत एकदा तरी जाऊन या. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडव्या केल्या. उपाय कागदावर सोपा होता: सेफ मोडमध्ये जा, एक फाइल काढा, रीस्टार्ट करा. पण ज्या डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या होत्या, तिथे आधी ४८ अंकी की शोधायची आणि टाइप करायची, एकेका मशीनला. त्या दिवशी कंपन्यांना हवी होती ती हेल्पडेस्कचीच माणसं. हेल्पडेस्कला कमी लेखणारं कोणी भेटलं तर हे आठवा.

प्रत्येक बिघाडाची नोंद ठेवा. इथे आळस केलात तर अर्धी लॅब वाया. नोंद मोठी नको, पण तिला शिस्त हवी: काय दिसलं, मला काय वाटलं, काय तपासलं, काय निघालं, काय केलं. 'मला काय वाटलं' हा भाग गाळू नका, विशेषतः अंदाज चुकला असेल तेव्हा. वरच्या बिघाडाची नोंद अशी होईल:

"विं-११ डोमेनला जुळत नाही, डोमेन कंट्रोलर सापडत नसल्याचा संदेश. वाटलं फायरवॉल. सर्व्हरला आयपीने पिंग लागतो, म्हणजे वाट बंद नाही. एनएसलुकअपला डोमेनचं नाव सापडत नाही. क्लायंटचा डीएनएस ८.८.८.८. बदलून सर्व्हरचा दिला, जुळलं. यापुढे नाव सापडत नसेल तर फायरवॉलच्या आधी डीएनएसची ओळ बघायची."

अशा तीसेक नोंदी झाल्या की तुमच्याकडे इंटरव्ह्यूची तयारी आयती असते, आणि हेल्पडेस्कवर तिकीट (तक्रारीची नोंद) कसं लिहायचं तेही हाताला बसलेलं असतं. आम्ही तिकिटात हेच लिहितो.

यापुढची पायरी बहुतेकांच्या यादीत नसते, पण माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. लॅबमधली एक सेवा अशी चालवा जिच्यावर घरातली माणसं खरोखर अवलंबून असतील. पाय-होल घ्या. तो जाहिराती गाळणारा छोटा डीएनएस सर्व्हर आहे, लिनक्सवर सहज बसतो. एखादं जुनं मशीन किंवा रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक सतत चालू ठेवता येत असेल तर तो त्यावर बसवा, त्याला कायमचा पत्ता द्या आणि घरच्या राउटरला सांगा की सगळ्यांना डीएनएस म्हणून हाच पत्ता द्यायचा. आता तुम्ही आयटी विभाग झालात. ज्या संध्याकाळी तुम्ही अपडेट करताना ते मशीन बंद कराल, त्या संध्याकाळी घरात "नेट गेलं" अशी आरोळी येईल, आणि नेट तर चालू असेल, फक्त साइटच्या नावांवरून पत्ते सापडत नसतील. मग तुम्ही राउटरमध्ये दुसरा डीएनएस म्हणून बाहेरचा पत्ता घालाल. मग काही जाहिराती परत दिसायला लागतील, कारण उपकरणं दोन्हींपैकी कुणालाही विचारतात, दुसरा पत्ता फक्त अडीअडचणीसाठी असतो असं ती मानत नाहीत. काही महिन्यांनी लॉगने डिस्क भरलेली सापडेल. कोणाची तरी बँकेची साइट उघडणार नाही आणि ती तुमच्या गाळणीने अडवलीय का, ते शोधावं लागेल. अपडेट रात्री करावं, आधी बॅकअप घ्यावा, घरच्यांना सांगून करावं, हे कोणी न शिकवता कळेल. याला आम्ही ऑपरेशन्स म्हणतो. जी लॅब बंद पडल्याने कोणीही वैतागत नाही, तिच्यात या गोष्टी कधी समोर येतच नाहीत.

हे करताना एक सांभाळा. डोमेनवाली लॅब घरच्या नेटवर्कपासून वेगळी ठेवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तिला अंतर्गत नेटवर्कवर टाका, ब्रिजवर, म्हणजे घरच्या नेटवर्कला थेट जोडणाऱ्या सेटिंगवर, टाकू नका. नाहीतर तुमच्या लॅबचा डीएचसीपी सर्व्हर घरातल्या फोन-टीव्हीला पत्ते वाटायला लागेल आणि कोणाला नेट मिळेल, कोणाला नाही, ते नशिबावर जाईल. तसंच नेटवर्क स्कॅन करायची साधनं फक्त स्वतःच्या मशीनवर चालवा. ऑफिसच्या नेटवर्कवर 'सहज बघितलं' म्हणून नोकरीवर बेतू शकतं.

क्लाउडचा सराव करायचाच असेल तर खातं काढल्यावर पहिलं काम खर्चाची सूचना लावणं, दुसरं काम मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी लावणं. अ‍ॅक्सेस की (खात्यात शिरायची गुप्त किल्ली) कधीही गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, चढवू नका. तशा की शोधत फिरणारे प्रोग्राम सतत चालू असतात आणि तुमच्या खात्यावर दुसऱ्याच्या मशीन धावायला वेळ लागत नाही.

अभ्यास आणि लॅब वेगळे धरू नका. ज्या परीक्षेची तयारी कराल तिच्या विषयांची अधिकृत यादी त्या-त्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती छापा आणि प्रत्येक ओळीपुढे विचारा: हे मी लॅबमध्ये करून बघू शकतो का? शक्य असेल तिथे केल्याशिवाय ओळ खोडायची नाही. दीड-दोन तासांतला निम्मा वेळ वाचन किंवा व्हिडिओ, निम्मा हाताने. वाचनाच्या दिवशी फार पुढे गेल्यासारखं वाटतं आणि लॅबच्या दिवशी कुठेच न गेल्यासारखं. तो भास आहे, फसू नका.

रिझ्युमेत लॅब लिहा, पण 'अनुभव' या मथळ्याखाली नको. वेगळा मथळा द्या, 'घरची लॅब'. त्याखाली साधनांची नावं ओळीने लावण्यापेक्षा केलेलं काम लिहा: "विंडोज सर्व्हरवर डोमेन उभारून डीएनएस, डीएचसीपी आणि ग्रुप पॉलिसीतले तीस बिघाड मुद्दाम करून सोडवले, नोंदी उपलब्ध." एवढं वाचलं की मी त्या नोंदींबद्दलच विचारणार. विषय कुठे न्यायचा ते तुम्ही ठरवलंत, हा त्याचा फायदा. ऑफिसातली तीन वर्षंही लपवू नका. ज्याने हिशेबाच्या सॉफ्टवेअरसमोर बसून महिनाअखेरची धावपळ काढलीय, त्याला 'हे आत्ताच्या आत्ता का हवंय' हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. माझ्या टीममधल्या चांगल्या माणसांपैकी काही अशाच वाटेने आलीयत.

इंटरव्ह्यूत हमखास येणारा प्रश्न: "एका माणसाची वेबसाइट उघडत नाही, काय कराल?" बहुतेक जण लगेच उत्तर देऊ लागतात, कॅशे साफ करेन, ब्राउझर बदलेन. मला आवडतात ते उलट प्रश्न विचारणारे. एकाचीच की सगळ्यांची? एकच साइट की सगळ्या? काल चालत होती का, मध्ये काय बदललं? फोनच्या डेटावर उघडते का? एवढ्या चार प्रश्नांनी शक्यता निम्म्याहून कमी होतात. माहीत नसेल तिथे "माहीत नाही, पण मी असं शोधेन" म्हणा आणि खरोखर कसं शोधाल ते सांगा. त्याने गुण कापले जात नाहीत, निदान माझ्याकडे तरी नाही.

अर्ज पाचही पूर्ण होईपर्यंत थांबवू नका. ए प्लस करत असाल तर कोअर १ पास झाल्यावर सुरू करा. सीसीएनए करत असाल तर परीक्षेची तारीख घेतल्यावर, आणि रिझ्युमेत 'परीक्षा अमुक महिन्यात' असं स्पष्ट लिहा. पहिले काही इंटरव्ह्यू वाईट जातील. तिथे न आलेला प्रत्येक प्रश्न घरी येऊन लॅबमध्ये करून बघा आणि त्याची नोंद करा. अभ्यासक्रम म्हणून ती यादी कुठल्याही पुस्तकापेक्षा बरी निघते.

उरलेली सर्टिफिकेटं नोकरी लागल्यावरच करावीत, यामागे आणखी एक व्यवहारी कारण आहे. तुमच्या पाचांपैकी प्रत्येकाची मुदत तीन वर्षांची असते. पाचही एका वर्षात उरकलीत तर पाचही एकदम संपायला येतील. त्याऐवजी ए प्लस आत्ता आणि दीड-दोन वर्षांनी सिक्युरिटी प्लस केलंत, तर वरच्या परीक्षेने खालच्याचं नूतनीकरणही होऊन जातं. सीसीएनएला सिस्कोचे वेगळे नियम आहेत, ती पुन्हा परीक्षा देऊन किंवा प्रशिक्षणाचे गुण जमवून टिकवता येते. आणि बऱ्याच कंपन्या परीक्षेची फी स्वतः भरतात, पण आपणहून सांगत नाहीत. रुजू होण्याआधी पगाराचं बोलणं चालू असतानाच ते विचारून घ्या, आणि फी भरल्यावर किती काळ नोकरी सोडता येत नाही, तेही.